पहिल्या फेरीचा निबंध

१२ ऑक्टोबर, रविवार

दीपाने आज जेवताना सांगून टाकलं की तिला बंगळूरच्या एका विद्यापीठात जायचंय. विचारलं नाही, सांगितलं. मोबाईलवर तिनेच शोधलं, तिथल्या ऑफिसात फोनही तिनेच केला. शंभर मुलांनी अर्ज केला तर पाच-सहांना घेतात म्हणे. पण एकदा घेतलं की घरची परिस्थिती पाहून शिकणं, राहणं, जेवण सगळं तेच बघतात. बारावी आर्ट्सच्या पोरीला शेवगावात बसून हे सुचलं याचंच मला कौतुक वाटलं. लगेच भीतीही वाटली, कारण मिळालं नाही तर हिला सावरणार कोण.

त्यांची पहिली फेरी बारावीच्या परीक्षेआधीच उरकते. पंधरा नोव्हेंबरपर्यंत फॉर्म, डिसेंबरात मुलाखत, जानेवारीत निकाल. पूर्ण शिष्यवृत्तीच्या जागा बहुतेक याच फेरीत भरतात. एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत उरलंसुरलं. म्हणजे जे काय व्हायचं ते पहिल्याच फेरीत व्हायला हवं, नाहीतर माझ्या पगारात बंगळूर बसत नाही.

फॉर्ममध्ये गुणांपेक्षाही महत्त्वाचा आहे तो निबंध. 'स्वतःविषयी सहाशे शब्द.' हे वाचलं आणि मला हायसं वाटलं. सव्वीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवतोय आणि वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करतोय. भाषण मी लिहायचं, मुलाने पाठ करायचं. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, तेही समासात पेन्सिलीने मीच लिहायचं. पाथर्डी, नेवासा, नगर, सगळीकडून मिळून एकोणचाळीस ढाली शाळेच्या कपाटात आहेत. सहाशे शब्द म्हणजे साडेचार मिनिटांचं भाषण. हा तर हातचा मळ.

गुडघे फार दुखतायत. मतदार यादीचं काम यंदाही माझ्याच गळ्यात आहे. आज सुट्टी असून चाळीस घरं फिरलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दीपाने स्वतःच निबंध लिहून आणला. विषय काय, तर शेवगाव स्टँडवरची चौकशीची खिडकी. क्लास सुटल्यावर गावाकडची गाडी येईपर्यंत तिचा तिथे तासभर जातो. त्या तासात कोण खिडकीत जाऊन विचारतं आणि कोण विचारत नाही, हे ती म्हणे वर्षभर बघत होती. बायका खिडकीशी जात नाहीत, शेजारच्या बाईला विचारतात. म्हाताऱ्यांना पाटी वाचता येते तरी विचारतात, तेवढंच कुणाशी बोलणं होतं. एक आजी रोज पाथर्डीची गाडी कधी लागणार ते विचारते आणि कुठेच जात नाही.

निरीक्षण बरं आहे. पण यात संघर्ष कुठे आहे? टाळी कुठे पडणार? बंगळूरच्या माणसांना शेवगावच्या स्टँडशी काय देणंघेणं? मी तिला समजावलं की हे दिवाळी अंकाला ठीक आहे, इथे आपल्याला जिंकायचंय. ती 'हं' म्हणाली आणि कागद घडी करून घेऊन गेली.

ऐकते पोरगी, हे एक बरं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस बसून निबंध पूर्ण केला. आबांवर लिहिला. आबा म्हणजे माझे वडील, सहादू भिंगारदिवे. वय चौऱ्याऐंशी, साखर कारखान्यातून निवृत्त. सुरुवात अशी केली आहे: 'वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून अक्षरं गिरवणाऱ्या एका मुलाची मी नात आहे.' नंतर मास्तर त्याची पाटी दूर सारतात आणि तो मुलगा मान वर करून म्हणतो, 'माझी नात आत बसेल.' शेवटी दीपा त्या पायरीला वंदन करते. लिहिताना मलाच दोनदा चष्मा पुसावा लागला.

दीपाने वाचलं आणि दोन शंका काढल्या. पहिली, ती कंदिलाच्या उजेडात अभ्यास करते असं मी लिहिलं होतं.

"पप्पा, आपल्याकडं इन्व्हर्टर आहे."

ते मी काढलं. दुसरी शंका अशी की आबा आठ वर्षांचे असताना नातीबद्दल कसे काय बोलले? मी म्हणालो, हे भावनेचं सत्य असतं, साहित्यात चालतं. पायरीची गोष्ट काही मी मनाने रचलेली नाही. आमच्या घरात ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. थोडा मीठ-मसाला घातला एवढंच.

दीपाची आई, पुष्पावती, भाकरी थापत होती. ती म्हणाली, आबा पडवीतच बसलेत, त्यांनाच विचारा की. मी म्हणालो, या वयात त्यांना जुनं कशाला आठवायला लावायचं. तिने तवा जरा जोरातच ठेवला. अंगणवाडीतल्या पोरांनी आठवडाभर तिचं डोकं खाल्लेलं असतं, त्याचा राग घरी निघतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

गोरक्षनाथ सरांनी निबंधाचं इंग्रजी करून दिलं. ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि माझ्याच बरोबर लागलेत. पायरीचा भाग वाचताना त्यांचेही डोळे भरले. म्हणाले, भिंगारदिवे, हे वाचून नाही म्हणणारा माणूस दगड असला पाहिजे.

मुलाखतीत निबंधावरच प्रश्न येतात, म्हणून दीपाकडून सगळं पाठ करून घेतलं. दोन दिवसांत तिने केलंही. पण म्हणते सपाट, रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखी. पाचवीपर्यंत काय बोलायची ही पोरगी! नंतर स्पर्धेला उभी राहणंच सोडलं. मी कधी खोलात गेलो नाही. वयात येताना मुली लाजतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फॉर्म भरला. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये आम्ही दोघंच होतो. सगळं भरून झाल्यावर शेवटी एक चौकट आली, 'हा मजकूर माझा स्वतःचा आहे'. तिथे खूण करायची होती. दीपाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि नुसती बसून राहिली. मला वाटलं माउस अडकला. शाळेचे माउस असेच आहेत. मी हात पुढे करून खूण केली, फॉर्म गेला.

घोडं गंगेत न्हालं. घरी येताच ती न जेवता झोपली. दमली असेल. मीही दमलोय.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज यादीचं काम करून आलो आणि कपडे न बदलता झोपलो. पन्नाशीनंतर माणसाला पायऱ्या चढायला लावणारी नोकरी देऊ नये.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात अभिवादनाला गेलो. आबा काठी टेकत आले. तिथून परत येतोय तोच दीपाला मेल आला, मुलाखतीला बोलावलंय. तेरा तारीख, अकरा वाजता, मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर. इंग्रजी, हिंदी, मराठी कुठल्याही भाषेत बोला असं लिहिलंय. पुष्पावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी लगेच संभाव्य प्रश्न काढायला बसलो. बत्तीस निघाले. उत्तरं लिहायला तीन दिवस लागतील.

आबांना सांगितलं, तुमच्यावर लिहिलेल्या निबंधाने पोरीला बोलावणं आलं. ते म्हणाले, "माझ्यावर? माझ्यात काय हाय लिवन्यासारखं?" मी हसलो. जुनी माणसं अशीच असतात.

१३ डिसेंबर, शनिवार

मुलाखत झाली. आमच्या घरी नेटचा भरवसा नाही म्हणून गोरक्षनाथ सरांच्या घरी केली. दीपा आतल्या खोलीत, मी बाहेर ओट्यावर. दाराला कान लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण ओटा दाराला लागूनच आहे, त्याला मी काय करणार.

पहिली दहा मिनिटं छान गेली. माझीच उत्तरं कानावर येत होती. मग तिकडून एका बाईंनी काहीतरी विचारलं आणि दीपा गप्प झाली. किती वेळ गप्प! नेट गेलं असं वाटून मी राउटरचे दिवे बघून आलो. सगळे सुरू होते. त्यानंतर ती बोलायला लागली ती मराठीत, हळू आवाजात, आणि बराच वेळ. शब्द लागत नव्हते. एकदा तिकडून हसण्याचा आवाज आला. ते लोक कशाला हसले असतील? वीस मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली.

बाहेर आली आणि 'झालं' एवढंच म्हणाली. पायरीला वंदन करायचं वाक्य घेतलंस का, विचारलं. नाही म्हणाली. सगळा शेवट घालवला. मी रागावणार होतो, पण तिला भूक लागली होती. स्टँडजवळ तिने दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि वर पाव मागितला. महिनाभरात तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मुलाखत बिघडली की माणसाची भूक मरते, हिची वाढली. माझ्या काही लक्षात येत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

शाळेच्या स्पर्धा सुरू झाल्या. सात मुलांची सात भाषणं लिहायची आहेत. आज 'मी आणि माझी माती' लिहायला घेतलं. तीन ओळींच्या पुढे गेलो नाही. तिन्ही ओळी गेल्या वर्षीच्याच होत्या.

१० जानेवारी, शनिवार

नाही झालं.

चार वाजता मेल आला. पहिल्या फेरीत निवड नाही. अर्ज एप्रिलच्या फेरीत ठेवलाय. खाली दोन ओळी वेगळ्या होत्या. 'मुलाखतीत तुम्ही जे मोकळेपणाने सांगितलंत त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पुढच्या फेरीसाठी एक फेब्रुवारीपर्यंत नवा निबंध पाठवावा, तुमच्या स्वतःच्या शब्दांत, कोणत्याही भाषेत.'

मी त्या ओळी तीनदा वाचल्या. मग दीपाला विचारलं, त्यांना कळलं कसं?

"मी सांगितलं."

मी उठून उभा राहिलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास तिनेच टाकला असं मला वाटत होतं. एवढंच म्हणतो की ती रडली नाही आणि उलटही बोलली नाही. माझं बोलून संपल्यावर तिने सगळं सांगितलं. त्या बाईंनी विचारलं होतं, पायरीवर बसून आजोबांना कोणता धडा ऐकू यायचा? त्यांना अजून आठवतो का?

"मला माहीत न्हवतं, पप्पा. आबा आपल्या घरात आहेत, आणि त्यांच्या तोंडात काय घालायचं ते मी शोधत बसले. मला लाज वाटली."

मी म्हणालो, काहीही सांगायचंस. एक कविता म्हणायचीस. त्यांना कुठे कळणार होतं?

"मग पुढचंही तुम्हालाच विचारावं लागलं असतं. तिथं गेल्यावरसुद्धा."

पुष्पावती दारात उभी होती. तिने दीपाकडे बघून मान हलवली, आणि तिला हे आधीपासून माहीत होतं हे मला तेव्हा कळलं.

पूर्ण शिष्यवृत्तीच्या किती जागा उरल्या, ते दीपाने फोन करून विचारलं. आर्ट्सकडे चार. अख्ख्या देशात चार.

११ जानेवारी, रविवार

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चहा घेऊन पडवीत आबांजवळ बसलो. दीपा आधीच तिथे होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो माझाच. मी विचारलं, आबा, शाळेत तुम्हाला पायरीवर बसवायचे ना?

आबांनी कपातून मान वर केली.

"मला न्हाई. दामूला. माझा थोरला भाऊ. त्याला दोन वर्सं भाईर बसवलं. मी शाळंत गेलो तवा नवं मास्तर आलं हुतं, त्यांनी समद्यास्नी आत घेतलं. दामू तवर शाळंला ईनासा झाला हुता."

मग तुम्ही शाळा का सोडली, दीपाने विचारलं.

"मला आवडत न्हवती." आबा हसले. एकच दात आहे त्यांना. "कारखाना सुरू झाल्ता. मळीचा वास यायचा, लोकं नाक दाबायची, मला ग्वाड वाटायचा. पळून गेल्तो मी. दामू लई रडला हुता त्या दिवशी. म्हनला, तुला आत बसाया मिळतंय अन् तू पळून जातूस."

इतकी वर्षं मी ही गोष्ट आबांची म्हणून सांगितली. नऊ मुलांच्या भाषणांत घातली. दामूकाकांचं नाव कुठेच आलं नाही. ते मी दहा वर्षांचा असताना गेले, आणि मला त्यांच्या हातचा फक्त खोकल्याचा काढा आठवतो.

मी म्हणालो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आबा म्हणाले, "तू इचारलं कवा? तुला ल्हानपनापसनं दुसऱ्याचं लिवून द्यायचं वेड. सातवीत न्हाई का, त्या पोराला भाषान लिवून दिल्तंस."

दीपाने माझ्याकडे बघितलं. मी कप उचलून आत आलो.

१३ जानेवारी, मंगळवार

ते भाषण. कुठे लिहिलेलं नाही, आज लिहितो. नाहीतरी ही वही कोण वाचतंय.

सातवीत असताना स्वातंत्र्यदिनासाठी मी भाषण लिहिलं होतं. चार दिवस ओढ्यावर जाऊन म्हणून बघितलं. मास्तरांना दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, फार सुंदर लिहितोस, पण तुझी जीभ जड आहे, 'पाणी' म्हणून दाखव. मी म्हणालो. वर्ग हसला. मास्तर वाईट नव्हते, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू लिहीत जा, बोलेल दुसरा. सरपंचांच्या मुलाने भाषण केलं, त्याला पहिला नंबर मिळाला. मी शेवटच्या रांगेत बसून त्याच्याबरोबर ओठ हलवत होतो. टाळ्या पडल्या तेव्हा त्या मला पडल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. घरी जाऊन आबांना मी सांगितलं की माझा पहिला नंबर आला. खरं काय ते त्यांना माहीत होतं, हे मला परवा कळलं.

त्यानंतर मी एकदाही स्टेजवर बोललो नाही. शिक्षक झालो, एकोणचाळीस ढाली आणल्या. आभार मानायची वेळ आली की गोरक्षनाथ सरांना पुढे करतो.

मला वाईट वाटतंय. कुणाविषयी ते नीट सांगता येत नाही.

१८ जानेवारी, रविवार

दीपा पंधरा दिवसांत नवा निबंध लिहिणार, वर बारावीची तयारी. काल मनाशी ठरवलं आणि आज तिला सातवीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये तिने पाणी आणून दिलं. मग मी म्हणालो, हे खरं आहे, शंभर टक्के खरं. हे तुझ्या निबंधात घाल. त्यांना असंच खरं हवंय.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हातात पेन होतं. मुद्दे काढायला घेतलं होतं, मला कळलंही नव्हतं.

"नको पप्पा," ती म्हणाली. "ते तुमचं आहे."

मी पेन खिशाला लावलं. नंतर ती माझ्याजवळच बसून इतिहासाचं पुस्तक वाचत होती. आम्ही दोघं जेवायच्या हाकेपर्यंत तिथेच बसलो.

१ फेब्रुवारी, रविवार

निबंध गेला. मराठीत लिहिलाय, एवढं मला माहीत आहे. तिने मोबाईलवरूनच पाठवला, चौकटीत खूणही तिनेच केली. मी तेव्हा अंगणात आबांची नखं कापत होतो. आत जावंसं फार वाटलं, गेलो नाही. आबा म्हणाले, बोट कापशील, ध्यान कुठं हाय तुझं.

१८ एप्रिल, शनिवार

दीपाला प्रवेश मिळाला. पूर्ण शिष्यवृत्ती. मेल तिने पुष्पावतीला वाचून दाखवला, मग आबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने, मग मला. आबांनी विचारलं, बंगळूर कारखान्याच्या पल्याड हाय का? मी मोरीत जाऊन तोंड धुवून आलो. जुलैत ती जाणार. घरात आम्ही तिघं उरणार.

दुपारी शाळेत पेढे दिले. गोरक्षनाथ सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचा पुतण्या अंगद पुढच्या वर्षी बारावीला आहे. म्हणाले, तो दुसऱ्या फेरीचा निबंध द्या ना, ज्याने काम झालं तो. नावं बदलून घेऊ.

मी म्हणालो, माझ्याकडे नाही. काय लिहिलंय तेही मला माहीत नाही.

ते हसले. म्हणाले, बरं बरं, नका देऊ. सव्वीस वर्षं ओळखतात मला, त्यांचा विश्वास बसणार कसा. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचं त्राण नव्हतं. पेढ्याचा रिकामा डबा घेऊन घरी आलो.